दिव्याची टोपी

"सुटला," टपावर गुडघे टेकून बसलेला फक्रुद्दीन म्हणाला आणि गाडीचा पिवळा दिवा त्यानं एका हातानं उचलून खाली धरला. "घे रे अजिनाथ. भिऊ नको, जड न्हाई. रिकाम्या डब्यागत हाय."

अजिनाथनं दोन्ही हात पुढं करून दिवा घेतला आणि तो चक्रावलाच. अठरा वर्षं तो प्रांतसाहेबांची गाडी चालवत होता. हा दिवा त्यानं आठ वर्षं रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसला होता, पण उचलायची वेळ कधी आली नव्हती. ह्याच दिव्यापुढं उसाचे ट्रॅक्टर रस्ता सोडून खाली उतरायचे. टोलनाक्याचा दांडा आपोआप वर जायचा. चौकातला हवालदार तोंडातली तंबाखू गिळून सलाम ठोकायचा. आणि हातात घेतला तर तो दुधाच्या रिकाम्या किटलीएवढाही भरला नाही. चार नट आणि एक वायर, पुरतं पाच मिनिटांचंही काम नव्हतं.

दिल्लीहून हुकूमच तसा आला होता. मंत्री असो नाहीतर प्रांत, एक मेपासून कुणाच्याही गाडीवर दिवा दिसता कामा नये. रुग्णवाहिका, आगीचा बंब आणि पोलीस एवढ्यांनाच काय तो ठेवायचा. एक मे सोमवारी होता, म्हणून शनिवारी सकाळीच स्टँडजवळच्या गॅरेजातून फक्रुद्दीनला पान्यांसकट बोलावणं गेलं. कचेरीच्या आवारात झेंडावंदनालाही जमत नाही एवढी माणसं जमली होती. कारकून व्हरांड्यात आले, अर्ज लिहिणारे टेबल सोडून उठले, तारखेला आलेले शेतकरी कडुलिंबाखाली उकिडवे बसून मजा बघू लागले. नवे साहेब तेवढे बाहेर आले नाहीत. त्यांनी कागदावर सही केली आणि पंखा मोठा करायला सांगितलं.

"नाकापरीस मोती जड झाल्ता," छगन शिपाई मोठ्यानं म्हणाला. "बरं झालं गेला. अजिनाथ, मालनवहिनीला फोन कर. म्हनावं, सवत गेली एकदाची."

सगळे हसले. अजिनाथनंही दात दाखवले. मालन खरंच त्या दिव्याला सवत म्हणायची. घरातल्या गणपतीवर धूळ बसली तरी चालते, दिव्यावर बसलेली चालत नाही, असं तिचं गाऱ्हाणं होतं. त्यामुळं अजिनाथचा चेहरा पडलेला बघून साऱ्यांना वाटलं की गड्याला दिव्याचं दुःख झालंय. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी चहा सांगितला.

खरी गोष्ट निराळी होती. गेली दोन वर्षं तो दिवा पुसताना अजिनाथ दुसरीकडंच बघायचा. दिवा निघणार हे कळल्यापासून तो मनात म्हणत होता की एकदा हा स्टोअरात जाऊन पडला की सुटलो, मग बघायला नको आणि आठवायलाही नको. पण हातात तो डब्यासारखा हलका दिवा आला आणि सुटल्यासारखं काही वाटलं नाही. एवढाच होता तर हा, असं त्याला झालं.

तो दिवा घेऊन स्टोअरकडं वळला, तर छगननं अडवलं. "तिकडं नको नेऊ. बेलसरे बाई येनार हायेत बारा वाजता. त्यांनी मागितलाय. साहेब म्हनले, भंगारच हाय, अर्ज देऊ द्या आन् न्हेऊ द्या."

अजिनाथ दिवा घेऊन तिथंच थांबला.

बेलसरे साहेब म्हणजे आधीचे प्रांत. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ते वारले. ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर त्यांचं दुखणं सुरू झालं आणि नगरच्या दवाखान्यात ते गेले, एवढं कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. मधल्या वाटेत काय घडलं, ते फक्त अजिनाथला माहीत होतं.

ते कळायचं तर आधी दिव्याची टोपी कळली पाहिजे. सरकारी नियमात एक कलम होतं. साहेब गाडीत नसतील तेव्हा दिवा उघडा ठेवायचा नाही, त्यावर काळी खोळ घालायची. हे कलम जिल्ह्यातल्या एकूण एक ड्रायव्हराला पाठ होतं आणि पाळत कुणीच नव्हतं. साहेब नसतानाच तर दिव्याची खरी चैन. दळण आणायचं तर दिवा, मेव्हण्याच्या लग्नाला जायचं तर दिवा. अजिनाथही त्यातलाच होता. बेलसरे साहेब आले त्या पहिल्याच महिन्यात तो बंगल्याचा किराणा आणायला गेला आणि येताना स्वतःच्या मावशीला मागं बसवून आला. चौकात हवालदारानं सलाम ठोकला, तर ह्यानंही खिडकीतून हात वर करून तो स्वीकारला. गोष्ट साहेबांच्या कानावर गेलीच.

साहेब ओरडले नाहीत. ते ओरडणाऱ्यांतले नव्हतेच. त्यांनी विचारलं, हवालदारानं सलाम कुणाला केला. अजिनाथ खाली मान घालून म्हणाला, दिव्याला. दिवा कुणाचा, असं साहेबांनी विचारलं. तुमचा, असं तो म्हणाला.

"माझा नाही, अजिनाथ. कामाचा आहे. काम नसेल तेव्हा झाकायचा."

त्या संध्याकाळी मालननं जुन्या छत्रीचं काळं कापड उसवून दिव्याच्या मापाची खोळ शिवली आणि कडेला परकराचं इलॅस्टिक ओवलं. बाकीचे ड्रायव्हर तिला टोपी म्हणून हसले. पण टोपी बसली ती पक्की बसली. साहेब उतरले की दार लावायच्या आधी अजिनाथचा हात टोपीकडं जायचा. साहेब बसले की टोपी निघून दाराच्या कप्प्यात जायची. दिवसातून सहा वेळा, आठ वेळा, तीन वर्षं हे चाललं. गुरूपेक्षा चेला सवाई निघाला. पुढं पुढं साहेब विसरायचे, पण अजिनाथचे हात विसरायचे नाहीत.

साहेब स्वतः गाडीत असले आणि काम घरचं असलं, तरीही टोपी घातलेलीच असायची. बाईसाहेबांचं, म्हणजे राजेश्वरीबाईंचं माहेर अकोले तालुक्यात राजूरला. त्यांचे वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला तेव्हा साहेबांनी स्वतःच्या पैशानं डिझेल भरलं, बाईसाहेबांना घेऊन मागं बसले आणि म्हणाले, "अजिनाथ, टोपी घाल." संगमनेरच्या स्टँडपुढं गाडी पाऊण तास अडकली. कुणी इंचभर सरकलं नाही. ही प्रांताची गाडी आहे हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. आरशात अजिनाथला बाईसाहेबांचे डोळे दिसत होते आणि ते समोरच्या काचेतून वर, टपाच्या दिशेनं लागलेले होते. राजूरला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती आणि वडील गेलेले होते.

त्यानंतर वर्षभरानं ती जानेवारी आली. सोनईच्या पुढं एका शेतरस्त्याच्या वादाची पाहणी होती. छगनला पंचनाम्याच्या कागदांसाठी तलाठ्यापाशी ठेवून साहेब एकटेच गाडीत येऊन बसले. सकाळपासून त्यांना ॲसिडिटी होत होती. ते म्हणाले, "नगरला चल. डॉक्टरला दाखवूनच घेऊ." सोनई मागं पडली आणि अजिनाथनं आरशात बघितलं तर साहेब छातीवर हात ठेवून एका बाजूला कलले होते. चेहरा घामानं निथळत होता. त्यानं हॉर्नवर तळहात दाबून धरला आणि गाडी सोडली. हंगाम ऐन भरात होता. पुढं उसानं लादलेल्या जोड ट्रॉल्यांची रांग लागलेली, पण दिवा बघून ट्रॅक्टरवाले एकामागून एक कडेला उतरत होते. दहा मिनिटं गाडी पळाली तशी अठरा वर्षांत कधी पळाली नव्हती.

घोडेगाव जवळ आलं तेव्हा त्यानं हाक मारली, साहेब. उत्तर आलं नाही. त्यानं तीनदा हाक मारली. मग गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं आणि साहेबांच्या नाकापुढं बोट धरलं. काही लागलं नाही. हात गार होता. डोळे अर्धे उघडे होते आणि कशाकडंच बघत नव्हते. अजिनाथनं आपल्या बापाला असंच जाताना बघितलेलं होतं. त्याला कळलं, किंवा कळलं असं त्याला वाटलं.

तो दार धरून उभा राहिला. डोकं पार रिकामं झालं होतं. कुणाला फोन करावा, कुणाला थांबवावं, काही सुचेना. आणि मग डोक्याला सुचत नव्हतं तेव्हा हातांनी आपलं आपण काम केलं. साहेब आता गाडीत नाहीत. हात दाराच्या कप्प्यात गेला, टोपी घेऊन टपावर गेला, आणि इलॅस्टिक दिव्याच्या बुडाला चट्‌कन बसलं तो आवाज ऐकून अजिनाथ भानावर आला. बघतो तर दिवा झाकलेला.

त्याही क्षणी त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरोबरच वाटलं. साहेब असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. त्यानं हलक्या हातानं दार लावलं, डॅशबोर्डावरच्या घड्याळात बघितलं. सव्वाबारा झाले होते. मग गाडी सुरू केली ती अशी, की जणू तिच्यात काचेचं सामान आहे. हॉर्न नाही, घाई नाही. मेलेल्या माणसाची माती नेताना घाई करायची नसते, धक्का लागू द्यायचा नसतो, हे त्याला घरच्या मोठ्यांनी शिकवलेलं होतं. घोडेगावात बाजार भरलेला होता. रस्ताभर गुरं. एका व्यापाऱ्यानं बॉनेटवर थाप मारून त्याला दम भरला की दिसत नाही का, गाई चाललेल्या. अजिनाथ थांबला. गाई जाऊ दिल्या. त्यांच्या मागून म्हशी आल्या, त्याही जाऊ दिल्या. पुढं हायवेला ट्रॉली उलटून ऊस पसरला होता, तिथंही तो सगळ्यांच्या मागं रांगेत उभा राहिला. टोपी काढावी असं त्याच्या मनातही आलं नाही.

दवाखान्याच्या दारात दोघांनी साहेबांना स्ट्रेचरवर घेतलं. एक तरुण डॉक्टर पळत आला, त्यानं मानेला दोन बोटं लावली आणि ओरडला, "पल्स आहे! आत घ्या, आत घ्या!"

अजिनाथला आधी तो शब्द कळलाच नाही. कळला तेव्हा स्ट्रेचर आत गेलं होतं आणि काचेचं दार अजून हलत होतं. साहेब जिवंत होते. घोडेगावात गाई जात होत्या तेव्हा जिवंत होते. व्यापारी बॉनेटवर थाप मारत होता तेव्हाही मागं साहेब जिवंत होते.

वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आला आणि मान हलवून म्हणाला, थोडं आधी पोचायला हवं होतं. कागदावर वेळ लिहिली गेली, एक वाजून चाळीस मिनिटं. अजिनाथ तिथून उठला, गाडीपाशी गेला आणि कचेरीतली माणसं यायच्या आत त्यानं टोपी काढून दाराच्या कप्प्यात खोल कोंबली. त्याच्या उभ्या आयुष्यात त्यानं लपवून केलेलं हे एकच काम.

तेराव्याला राजेश्वरीबाईंनी त्याला आत बोलावलं. तोवर त्या रडल्या नव्हत्या म्हणे, घरातल्या बायका काळजीत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की रस्ता मिळाला ना. अजिनाथ म्हणाला, मिळाला. दिवा होता म्हणून, असं त्या म्हणाल्या. आणि अजिनाथच्या तोंडून निघून गेलं, "व्हय, बाईसाहेब."

तेव्हा त्यांना रडू फुटलं. निदान त्यांच्या वेळेला तरी तो दिवा कामी आला, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. हे त्यांचं समाधान अजिनाथनं स्वतःच्या जिभेनं त्यांना दिलं होतं. मालननं दोनदा विचारलं की टोपी कुठं गेली, दुसरी शिवू का. नवे साहेब टोपी घालायला सांगत नाहीत, एवढंच तो म्हणाला. ते खरंही होतं. नव्या साहेबांना टोपी म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं.

आता त्या दिवा न्यायला येत होत्या.

बाराला पाच कमी असताना रिक्षा आवारात आली. राजेश्वरीबाई एकट्याच होत्या. केस बरेच पिकले होते. नगरच्या एका शाळेत त्यांनी नोकरी धरली होती, ते अजिनाथला माहीत होतं. त्या आत गेल्या, नव्या साहेबांनी उभं राहून नमस्कार केला, चहा मागवला. अर्ज त्यांनी घरूनच लिहून आणला होता. छगन तो आवक क्रमांकाला घेऊन बाहेर आला आणि त्यानं व्हरांड्यात मोठ्यानं वाचला. मुलगी पंकजा हिची फार इच्छा आहे. वडिलांची खुर्ची, शिक्का, गाडी सगळं सरकारचं होतं आणि सरकारकडं गेलं. हा दिवा त्यांच्या अखेरच्या प्रवासात त्यांच्यासाठी शेवटपर्यंत जळत होता. तो आमच्या घरी त्यांच्या फोटोशेजारी राहावा, ही विनंती.

छगननं नाक पुसलं. "लई भारी लिवलंय," तो म्हणाला. "अजिनाथ, तूच न्हेऊन दे रिक्षापातूर. तुजाच मान हाय."

अजिनाथ दिवा घेऊन गाडीपाशी थांबला. टपावर चार भोकं होती आणि त्यांच्यामध्ये पत्र्याचा एक गोल, बाकी गाडीपेक्षा पांढराशुभ्र. आठ वर्षांत त्या जागेला ऊन लागलेलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, देऊन टाकावा. बाई समाधानानं नेतील, पोरगी फोटोजवळ ठेवेल, कुणाचं काय बिघडणार आहे? आणि लगेच वाटलं, रोज त्या घरात दिव्यापुढं कुणीतरी हात जोडेल, आणि तो दिवा खोटा असेल. मी केलेला खोटा.

राजेश्वरीबाई आल्या. त्यांनी दिव्यावरून हात फिरवला. "अजिनाथभाऊ, बरे आहात ना?" त्यांनी विचारलं. "किती लहान दिसतो हो हा. वर होता तेव्हा केवढा वाटायचा."

अजिनाथनं दिवा बॉनेटवर ठेवला. दार उघडलं, कप्प्यात खोलवर हात घातला आणि ती काळी टोपी काढून दिव्याशेजारी ठेवली. दोन वर्षं कोंबून तिच्या घड्या कडक झाल्या होत्या.

बाईंनी ती लगेच ओळखली. त्या थोडं हसल्या. "हिचा मला किती राग होता, तुम्हाला नाही कळायचं," त्या म्हणाल्या. "बाबांच्या वेळेला संगमनेरला मी ही फाडून टाकणार होते."

"बाईसाहेब, त्या दिशी ही घातलेली हुती."

"हो, माहितीय. मीच होते ना गाडीत."

"तवा न्हाई. साहेबांच्या दिशी." अजिनाथची नजर टोपीवरून हलेना. "घोडेगावच्या अलीकडं. साहेब बोलंनात, श्वास लागंना. मला वाटलं गेले. साहेब न्हाईत, म्हनून घातली. दवाखान्यापातूर तशीच हुती. रस्ता मिळाला न्हाई, बाईसाहेब. मी तुमाला खोटं बोललो."

रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न दिला. मग राजेश्वरीबाईंनी अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं, "किती वाजता?"

"सव्वाबाराला."

कागदावरची वेळ त्यांनाही पाठ होती. त्यांचे ओठ हलले. त्यांनी आधारासाठी बॉनेटवर हात टेकला, आणि ऊन लागून पत्रा तापलेला असूनही तो उचलला नाही.

"म्हणजे आमच्या कुठल्याच वेळेला तो उघडा नव्हता," त्या म्हणाल्या. "बाबांच्या नाही. आणि त्यांच्या स्वतःच्याही नाही."

अजिनाथला वाटलं, आता ह्यांनी थोबाडीत मारावी. मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्या मारत नव्हत्या, ओरडत नव्हत्या, आणि व्हरांड्यातली माणसं लांबून कौतुकानं बघत होती की बाई कशा मायेनं ड्रायव्हरची विचारपूस करताहेत. अजिनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचं धाडस त्याला होईना.

मग त्यांनी विचारलं, साहेब शेवटी काही बोलले का. अजिनाथनं नकारार्थी मान हलवली.

"गाडी कशी चालवलीत?"

"हळू. यकेक खड्डा चुकवत."

"का?"

"माती तशी न्ह्यायची असती, म्हनून. यक बी धक्का लागू दिला न्हाई, बाईसाहेब. पार दारापातूर."

"एकही नाही?"

"यक बी न्हाई."

एवढं मात्र तो कुठल्याही देवळात शपथेवर सांगू शकला असता. राजेश्वरीबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. त्यांनी ती टोपी उचलली, झटकली, दिव्यावर घातली. इलॅस्टिक सैल झालं होतं. त्यांनी ते चारी बाजूंनी ओढून नीट बसवलं आणि झाकलेला दिवा अजिनाथकडं सरकवला.

"राहू द्या इथंच," त्या म्हणाल्या. "हा आमचा नव्हता. पंकजाला मी सांगेन."

काय सांगणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा अधिकार अजिनाथला नव्हता. त्या रिक्षात जाऊन बसल्या. रिक्षा फाटकापर्यंत गेली आणि अडली. बाहेर पाण्याचा टँकर आडवा लागला होता, त्याच्यापुढं दोन जीपगाड्या आणि मागं लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो. सगळे एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. मागच्या काचेतून बाईंचं डोकं दिसत होतं. त्या सरळ बसल्या होत्या, वाट बघत, सगळ्यांसारख्या.

अजिनाथ पळत फाटकाबाहेर गेला. टँकरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. टँकरवाल्यानं शिवी दिली. अजिनाथनं ऐकून घेतली आणि त्याला हात जोडून मागं सरकवलं. मग जीपवाल्यांना, मग टेम्पोला. टेम्पोतलं कुणीतरी विचारत होतं की हा कोण टिकोजीराव. एका गाडीपुरती वाट झाली, तशी त्यानं रिक्षावाल्याला खूण केली.

रिक्षा त्याच्या जवळून गेली. राजेश्वरीबाईंनी वळून बघितलं नाही. रिक्षा वळणापलीकडं दिसेनाशी झाली तरी अजिनाथ भर रस्त्यात हात वर करून उभाच होता, आणि दोन्ही बाजूंची माणसं हॉर्न वाजवून वाजवून त्याला बाजूला व्हायला सांगत होती.